घराबद्दल खरं सांगताना

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून, असं आपल्याकडे म्हणतात. घर पाहावं विकून, असं मात्र कोणी म्हटलेलं नाही. जुन्या माणसांवर ती वेळ फारशी येत नसे आणि आलीच तर चारचौघांत सांगण्यासारखी ती गोष्ट नसे. आता तसं राहिलेलं नाही. नोकरीपायी गाव बदलतं, मुलं दूर जातात, गुडघे जिना चढायचं नाकारतात आणि ज्या घराच्या भिंतीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, ते घर एक दिवस अनोळखी माणसाला दाखवावं लागतं. अशा वेळी चांगली चांगली माणसंही थोडीशी दुकानदार होतात. ओल आलेल्या भिंतीपुढे कपाट सरकवलं जातं. शेजारचा पहाटेपासून भुंकणारा कुत्रा नेमका त्या सकाळी गप्प राहिला, की देव पावला असं वाटतं.

ओल आणि कुत्रा, इथवर ठीक आहे. पण घराचा दोष असा असेल की त्यापायी घेणाऱ्याचं सगळंच जाऊ शकेल, अगदी जीवही, तर? आणि तो दोष डोळ्यांना खुपत तर नाहीच, उलट घराचं सौंदर्य म्हणून तोच दाखवला जातो, तर?

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी टेकड्यांचा मोठा पट्टा आहे. सॅक्रामेंटो शहरापासून मोटारीने तास-सव्वा तास. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी इथे सोनं शोधायला माणसं लोटली होती. अलीकडच्या काळात लोटली ती शांतता शोधायला. उंच पाइन, जुने ओक, लाल मातीचे वळणावळणाचे रस्ते. पावसाळा म्हणावा तर हिवाळ्यात आणि मे ते ऑक्टोबर जवळजवळ कोरडं ठाक. तिथे एका मराठी जोडप्याने १९९३ साली घर घेतलं. ते मेकॅनिकल इंजिनिअर, त्या सार्वजनिक ग्रंथालयात नोकरीला. त्यांची नावं इथे देण्याचं कारण नाही. तिथली मराठी मंडळी त्यांना काका-काकू म्हणतात, तेवढं पुरे.

घर १९७८ सालचं, लाकडी. मागच्या बाजूला लाकडाचाच मोठा डेक, त्याखाली हिवाळ्याच्या शेगडीसाठी रचून ठेवलेलं सरपण. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली मोगरा आणि तुळशीची कुंडी. थंडी पडली की दोन्ही घरात. वर पाइनची सावली इतकी दाट, की पुण्याहून आलेला प्रत्येक पाहुणा डेकवर उभा राहून म्हणायचा, “वहिनी, तुम्ही तर महाबळेश्वरलाच राहता!” एकतीस वर्षं हे वाक्य ऐकून काकू हसल्या. आणि २०२४ च्या शरद ऋतूत, घर विकायचं ठरल्यावर, त्यांना तेच वाक्य नको वाटू लागलं.

वणवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ज्वाळांची भिंत येते. ती भिंत येते आणि घर गिळून टाकते, अशी समजूत. प्रत्यक्षात बहुतेक घरं त्या भिंतीने पेटत नाहीत. ती पेटतात ठिणग्यांनी. सोसाट्याच्या वाऱ्यावर जळत्या सालींचे, फांद्यांचे तुकडे मैलभर पुढे उडत येतात आणि घराचे कानेकोपरे शोधतात. पन्हळीत साठलेल्या पाइनच्या सुया, डेकच्या दोन फळ्यांमधली फट, दारातलं काथ्याचं पायपुसणं, वळचणीखालचे हवा खेळती राहण्यासाठी ठेवलेले जाळीचे झरोके. झरोक्यातून एक ठिणगी पोटमाळ्यावर गेली, की घर आतून पेटतं. म्हणून जळून गेलेल्या वस्तीच्या छायाचित्रांत एक चमत्कारिक दृश्य दिसतं. घरं राखेची आणि मधली झाडं हिरवी उभी.

हे ज्ञान स्वस्तात मिळालेलं नाही. ऑक्टोबर १९९१ मध्ये ओकलंडच्या टेकड्यांवर आग लागली, पंचवीस माणसं गेली आणि सुमारे तीन हजार घरं. त्यानंतर राज्याने शहरी भागांतल्याही अतिधोक्याच्या क्षेत्रांचे नकाशे करायला घेतले. ऑक्टोबर २०१७ मध्ये सांता रोझा शहरात आगीने सहा पदरी महामार्ग ओलांडला आणि कॉफी पार्क नावाची सपाटीवरची साधी मध्यमवर्गीय वस्ती एका रात्रीत नाहीशी केली. तिथली तेराशेच्या आसपास घरं गेली. ही वस्ती नकाशात धोक्याच्या क्षेत्रात नव्हतीच. ८ नोव्हेंबर २०१८ ला पॅरडाइज हे गाव जळालं. नाव स्वर्गाचं. पंच्याऐंशी माणसं आणि अठरा हजारांहून अधिक बांधकामं. हे गाव नकाशात होतं, लोकांना ते ठाऊकही होतं. नंतर अभ्यासकांनी मोजदाद केली तेव्हा १९९७ पूर्वी बांधलेल्या घरांपैकी शंभरातली जेमतेम अकरा-बारा वाचलेली आढळली. त्यानंतरच्या घरांपैकी अडतीस-एकोणचाळीस. घर कधी आणि कसं बांधलं, यावर एवढा फरक.

घर विकणाऱ्याने काय सांगावं, याबाबत कॅलिफोर्नियाचा कायदा हळूहळू कडक होत गेला आहे. घराचे माहीत असलेले दोष ठरलेल्या छापील फॉर्मवर लिहून देणं १९८७ पासून आलं. ‘आहे तसं घ्या’ असा सौदा केला म्हणून विकणाऱ्याची त्यातून सुटका होत नाही. जून १९९८ पासून आणखी एक कागद आला. त्यात पूर, धरण फुटल्यास येणारं पाणी, वणवा, भूकंप अशा नैसर्गिक धोक्यांच्या सरकारी नकाशांत हे घर बसतं का, त्यापुढे ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी खूण. खाली एक वाक्य असतं. या धोक्यांमुळे घराचा विमा मिळणं किंवा आपत्तीनंतर मदत मिळणं अवघड होऊ शकतं, अशा अर्थाचं. खरेदीच्या वेळी सह्या करायच्या कागदांचा एवढा गठ्ठा असतो, की हे वाक्य किती जण वाचतात कोण जाणे.

पॅरडाइजनंतर मात्र नुसत्या खुणेवर भागणार नाही, असं ठरलं. २०१९ मध्ये जो कायदा झाला त्याचे जनक होते जिम वुड नावाचे आमदार. ते व्यवसायाने दंतवैद्य. २०१७ आणि २०१८ च्या आगींनंतर मृतांची ओळख दातांवरून पटवण्याचं काम त्यांनी स्वतः केलं होतं. झरोक्याच्या जाळीची भोकं किती मोठी, हा प्रश्न ज्या कायद्यात आहे, तो कायदा अशा माणसाने आणला होता, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

हा कायदा १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. धोक्याच्या वरच्या दोन श्रेणींतल्या क्षेत्रांत, २०१० पूर्वी बांधलेलं घर विकायचं असेल, तर घराच्या कोणत्या गोष्टी आगीला वाट देतात ते विकणाऱ्याने सांगायचं. वळचणीखालच्या आणि छपरावरच्या झरोक्यांच्या जाळीची भोकं एक अष्टमांश इंचापेक्षा, म्हणजे साधारण तीन मिलिमीटरपेक्षा मोठी आहेत का? छप्पर प्रक्रिया न केलेल्या लाकडी फळकुटांचं आहे का? घरापासून पाच फुटांच्या आत किंवा डेकखाली पेट घेणारं काही आहे का? खिडक्यांना एकपदरी साधी काच आहे का? छपराच्या कडेला पाखरं शिरू नयेत म्हणून बसवलेली बुचं, सांध्यांवरच्या पत्र्याच्या पट्ट्या निघाल्या आहेत का? पन्हळींवर न जळणारी झाकणं नाहीत का? शिवाय १ जुलै २०२१ पासून, घराभोवतीची शंभर फूट जागा नियमाप्रमाणे साफ असल्याचा दाखला द्यायचा, नाहीतर खरेदीदाराने वर्षभरात तो मिळवायचा, असा लेखी करार करायचा. १ जुलै २०२५ पासून त्यात आणखी भर पडली. कमी खर्चातल्या सुधारणांची यादी द्यायची आणि त्यांपैकी आपण कोणत्या केल्या तेही सांगायचं.

तर काका-काकूंच्या जेवणाच्या टेबलावर हा फॉर्म आला. जानेवारी २०२५ संपत आला होता. लॉस एंजेलिसच्या दोन टोकांना लागलेल्या आगी टीव्हीवर पाहून झाल्या होत्या. तिथे सोळा हजारांवर बांधकामं गेली. काकांनी चष्मा लावून फॉर्म दोनदा वाचला. इंजिनिअर माणूस, शब्द मोजून वाचायची सवय.

“अगं, इथे स्पष्ट लिहिलंय,” ते म्हणाले, “विकणाऱ्याला माहीत असेल तेवढंच. जाळी किती इंचाची आहे हे आपल्याला कुठे माहितीय? मी काही मोजायला गेलेलो नाही.”

“मग जा ना मोजायला.”

“मोजली की माहीत झाली. माहीत झाली की लिहावी लागणार.”

“अहो, म्हणूनच म्हणतेय.”

काकांना लबाड ठरवण्याचं कारण नाही. त्यांनी जे पाहिलं ते कायद्याने मुद्दामच तसं ठेवलं आहे. घर विकणारी प्रत्येक म्हातारी बाई शिडीवर चढून जाळ्या मोजणार नाही, हे कायदा करणाऱ्यांना कळत होतं. म्हणून ‘माहीत असेल तेवढं’. सरकारी माणूस येतो तो अंगण बघायला. घराच्या जाळ्या आणि काचा तपासून दाखला देण्याची सक्ती नाही. खरेदीदार स्वतः पैसे देऊन घर तपासून घेतो खरा, पण तो तपासनीस मुख्यतः छप्पर गळतं का, वायरिंग, नळ आणि पाया ठीक आहे का ते पाहतो. त्याच्या यादीत वणवा असेलच असं नाही. म्हणजे या साऱ्या कायद्याचा भार शेवटी विकणाऱ्याच्या एका मनःस्थितीवर येऊन टेकतो. त्याला जाणून घ्यायचं आहे का, यावर. ज्याने कधी वर पाहिलंच नाही त्याचा फॉर्म कोरा आणि स्वच्छ. ज्याने पाहिलं त्याचा फॉर्म दोषांनी भरलेला. दोन्ही घरं शेजारीशेजारी, सारखीच जुनी.

काकांच्या मनात पैशाचं गणितही होतं आणि तेही खोटं नव्हतं. हे घर म्हणजेच त्यांची म्हातारपणाची पुंजी. मुलीच्या जवळ, सपाटीवर, एकमजली लहानसं घर घ्यायचं तर इथून येणारा एकेक हजार डॉलर मोलाचा. वणव्याच्या क्षेत्रात असल्याचं सांगणं ज्यांना बंधनकारक आहे अशी घरं, तशाच पण हे बंधन नसलेल्या घरांपेक्षा सुमारे चार टक्के कमी किमतीला जातात, असं कॅलिफोर्नियातल्या विक्रींचा अभ्यास करणाऱ्यांना आढळलं आहे. चार टक्के ऐकायला थोडे वाटतात. साडेपाच लाखांच्या घरावर ते बावीस हजार डॉलर होतात.

मुलीचा फोन आला. ती आईला म्हणाली, “आई, तू उगाच एवढा विचार करतेस. घेणारे काही लहान मुलं नाहीत. त्यांना धूर दिसत नाही का? त्यांचं ते बघतील.”

“आम्हाला दिसला होता का गं, ९३ साली?” काकूंनी विचारलं. “आम्हाला झाडं दिसली होती.”

दुसऱ्या दिवशी काका शिडीवर चढले. चढले ते बायकोचं तोंड बंद करायला, हे त्यांनी नंतर स्वतःच हसत सांगितलं. जाळी पाव इंचाची निघाली, म्हणजे हवी त्याच्या दुप्पट. दोन ठिकाणी ती गंजून फाटली होती आणि एका झरोक्याच्या आत खारीने पाइनच्या सुयांची गादी करून ठेवली होती. छप्पर २००४ मध्ये बदललं होतं, ते बरं निघालं. पुढच्या खिडक्यांना दुपदरी काच, मागच्या तीन अजून मूळच्या, एकपदरी. पन्हळींना झाकणं नाहीत. पाच फुटांच्या आत काय काय, ते काकू खाली उभ्या राहून लिहीत होत्या. लाकडाच्या ढलप्यांचं आच्छादन, कुंपणाचा घराला टेकलेला शेवटचा खांब, डेकखालचं सरपण, मोगऱ्याची कुंडी. मोगरा लिहिताना त्यांची पेन्सिल थांबली. मग त्यांनी लिहिलं आणि पुढे कंसात ‘आम्ही नेणार आहोत’ असंही लिहिलं.

काही दुरुस्त्या करून मग विकावं, असं ठरलं. झरोक्यांना बारीक जाळ्या बसवणं हे फार खर्चाचं काम नव्हे. काकांनी आणि शेजारच्या मुलाने मिळून दोन शनिवार-रविवारांत केलं. सरपण हलवलं, ढलप्यांच्या जागी खडी टाकली. खिडक्यांचा आणि डेकचा खर्च मात्र झेपणारा नव्हता. ते दोष फॉर्मवर तसेच राहिले. तीस वर्षं आपण याच जाळ्यांखाली झोपलो, हे काकांना त्या दोन आठवड्यांत पहिल्यांदा जाणवलं आणि त्यावर ते फारसं बोलले नाहीत.

एवढ्यावर प्रकरण संपायला हरकत नव्हती. पण काकूंचं म्हणणं असं, की जे खरोखर सांगायला हवं त्याला फॉर्ममध्ये रकानाच नाही.

पहिली गोष्ट विम्याची. २०२३ च्या शेवटी त्यांच्या विमा कंपनीचं पत्र आलं होतं. पुढच्या वर्षी विमा नूतन होणार नाही. तक्रार एकदाही केली नव्हती, हप्ता एकदाही चुकला नव्हता. त्यांच्या एकट्याचं हे दुखणं नव्हे. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या गृहविमा कंपनीने मे २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात नवे गृहविमे घेणंच थांबवलं होतं. कोणीच घेत नाही अशांसाठी तिथे ‘फेअर प्लॅन’ नावाची सोय १९६८ पासून आहे. ती मुख्यतः आगीपुरती. चोरी, पाणीगळती वगैरेंसाठी दुसरा विमा वेगळा घ्यायचा. काका-काकूंचा वर्षाचा खर्च तिपटीच्या वर गेला. घर कर्जाने घेणाऱ्याला बँक विम्याशिवाय कर्ज देत नाही. म्हणजे घेणाऱ्याच्या दृष्टीने घराच्या किमतीइतकीच महत्त्वाची ही गोष्ट.

दुसरी गोष्ट रस्त्याची. त्यांच्या वस्तीतून बाहेर पडायला एकच रस्ता. या एकतीस वर्षांत त्यांना दोनदा घर सोडून निघावं लागलं होतं. पहिल्यांदा दिवसाउजेडी, सवडीने. दुसऱ्यांदा रात्री, आकाश नारिंगी झालेलं, फोनवर इशारा वाजतो आहे, आणि सात मैलांना दोन तास लागलेले. पुढच्या गाडीला घोड्यांचं वाहन जोडलेलं. काकूंच्या मांडीवर देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आणि औषधांची पिशवी. आग दुसऱ्या खोऱ्यात वळली म्हणून सगळे परत आले. पॅरडाइजमध्येही बाहेर पडायचे रस्ते गाड्यांनी तुंबले होते, काही माणसं गाडीतच गेली. हे काकूंना त्या रात्री गाडीत बसल्या बसल्या आठवत होतं.

त्यांनी एक वेगळा कागद घेतला. दोन्ही वेळा कधी निघालो, किती वेळ लागला, रस्ता कुठे तुंबला, ते लिहिलं. वीज कंपनी जोराचा वारा सुटला की खबरदारी म्हणून वीज बंद करते; मग विहिरीचा पंप चालत नाही, म्हणजे नळाला पाणी नाही, आगीच्या दिवशी तर नक्कीच नाही, हेही लिहिलं. विमा कंपनीच्या पत्राची प्रत जोडली. दलाल बाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, सांगून टाकलेलं केव्हाही बरं, उद्या कोर्टात जावं लागत नाही. त्यांचं ते धंद्याचं शहाणपण. काकूंच्या मनात कोर्ट नव्हतं. त्या रात्री मांडीवर बाळकृष्णाऐवजी तान्हं मूल असतं तर, एवढाच विचार होता. कारण घर पाहायला येणाऱ्यांत तरुण जोडपी पुष्कळ होती.

हे सारं परदेशातलं म्हणून सोडून देण्यासारखं नाही. आपल्याकडे मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा, इंग्रजांच्या वेळचा. त्याच्या ५५ व्या कलमात साफ म्हटलं आहे, की विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला सर्वसाधारण काळजी घेऊनही कळणार नाही असा मालमत्तेतला महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. तिथेही तोच शब्द, ‘ठाऊक असलेला’. मात्र त्यासाठी टेबलावर येणारा छापील फॉर्म नाही, ‘होय-नाही’ची चौकट नाही. फ्लॅट पाहायला गेलेला माणूस विचारतो, “पाणी येतं का?” आणि मालक ऐटीत सांगतो, “चोवीस तास!” दोघांच्याही मनात नळाचं पाणी असतं. जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या एकता नगरीत पाणी आलं ते मुठेचं, सोसायट्यांच्या तळमजल्यांत. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात माणसं छपरांवर बसली होती. अशा इमारतींतला तळमजल्याचा फ्लॅट पुढे विकला जातो तेव्हा भिंतींना नवा रंग दिलेला असतो. निळी आणि लाल पूररेषा सरकारी नकाशात आखलेल्या असतात. तो नकाशा मागून घेणारा खरेदीदार विरळा आणि आपणहून पुढे करणारा मालक त्याहून विरळा. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये विक्रीच्या कराराला जो नियोजन दाखला जोडावाच लागतो, त्यात जमीन वणव्याच्या क्षेत्रात आहे का ते येतं. म्हणजे ते विकणाऱ्याच्या आठवणीवर सोडलेलं नाही.

उलट दिशेनेही गोष्टी घडतात. कॅलिफोर्नियाच्या शेजारच्या ऑरेगन राज्याने २०२२ मध्ये वणव्याच्या धोक्याचा नकाशा प्रसिद्ध केला. घरांच्या किमती पडतील, विमे महागतील, म्हणून लोक इतके खवळले की दोन महिन्यांत तो मागे घ्यावा लागला. सुधारून पुन्हा आणला, तर २०२५ मध्ये विधिमंडळाने तो कायद्यानेच रद्द केला. नकाशा गेला म्हणून रान ओलं झालं नाही, हे सांगायला नकोच. पण ज्यांची सारी मिळकत त्या घरात अडकली आहे त्यांचा राग समजून घ्यायला हवा. खरं सांगण्याची किंमत एकट्या विकणाऱ्याच्या खिशातून वसूल होते आणि फायदा पुढच्या माणसाला, तोही आग आली तर.

काका-काकूंनीही ती किंमत मोजली. मार्चमध्ये घर बाजारात आलं. मागितलेली किंमत पाच लाख साठ हजार. एका जोडप्याचं सगळं ठरत आलं होतं. काकूंचा कागद वाचून त्यांनी विम्याची चौकशी केली आणि माघार घेतली. असे कागद ऑफर दिल्यानंतर हाती पडले, तर घेणाऱ्याला माघारीसाठी थोड्या दिवसांची मुदत असते, प्रत्यक्ष दिल्यास तीन दिवस, टपालाने आल्यास पाच. ते तिसऱ्या दिवशी गेले. त्या संध्याकाळी काका जेवताना एक शब्द बोलले नाहीत. काकूंनी भाकरी वाढली तेव्हा एवढंच म्हणाले, “कागद दोन पानी कशाला हवा होता? एका पानात बसला असता.”

मग सहा आठवडे कोणी फिरकलं नाही. किंमत एकदा उतरवली. अखेर मे महिन्यात एक शिक्षिका आणि तिचा अग्निशमन दलात काम केलेला नवरा आला. त्याने कागद डेकवर उभ्यानेच वाचला, मागच्या तीन खिडक्या स्वतः जाऊन पाहिल्या आणि काकूंना विचारलं, दुसऱ्या वेळी निघायला उशीर का झाला? काकू म्हणाल्या, मांजर सापडत नव्हतं. तो हसला नाही. त्याने डोकं हलवलं. सौदा पाच लाख पंचवीस हजारांत झाला. शंभर फुटांच्या जागेचा दाखला काकांनी आधीच घेतलेला होता, त्यामुळे तो करार करावा लागला नाही. खिडक्या आणि डेक नव्या मालकाने आपल्या अंगावर घेतले.

पस्तीस हजार कमी आले. त्यातले किती कागदामुळे आणि किती त्या वर्षीच्या चढ्या व्याजदरांमुळे, हे कोणी सांगू शकत नाही. काका आपल्या परीने हिशेब मांडतात आणि दर वेळी आकडा वेगळा निघतो.

आता ते सॅक्रामेंटोजवळ सपाटीवर घर शोधताहेत. मोगरा तूर्त मुलीच्या गॅलरीत आहे. परवा एका घराचे कागद आले. वणव्यापुढे ‘नाही’ अशी खूण. धरण फुटल्यास पाणी येईल अशा भागात आहे का, यापुढे ‘होय’. वर, नदीवर, फॉल्सम धरण आहे. काका म्हणाले, “अगं, इथे निम्म्या शहराला तेच ‘होय’ आहे.” काकूंनी मान हलवली आणि विकणाऱ्या बाईंना विचारायचे प्रश्न लिहायला घेतले. पहिला होता, ‘एवढ्या वर्षांत पाणी अंगणापर्यंत कधी आलं होतं का?’ दुसरा, ‘तेव्हा तुम्ही कोणत्या रस्त्याने बाहेर पडलात?’